ब्रेकमधली हवा

मंगळवार, ३ मार्च

रविवारपासून घरात अबोला आहे. ही माझ्याशी शेवटचा शब्द बोलली तो 'बस', आणि त्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

झालं ते असं. बाजारातून परत येत होतो. पुढे ट्रक होता, तो थांबला. मीही थांबलो, फक्त जरा नंतर. आमच्या गाडीचं नाक ट्रकच्या मागच्या पट्टीला टेकलं. टेकलं म्हणजे टेकलंच, आदळलं नाही. ट्रकवाल्याला पत्ताही लागला नाही. पण हिने शेजारच्या सीटवरून उजवा पाय असा काही खाली रोवला की चपलेचा अंगठा तुटला. मी म्हटलं, "अगं, ब्रेक तुझ्या पायाखाली नाही, माझ्या आहे."

"आहे का? मग लागत का नाही?"

मी म्हटलं, जुनी गाडी आहे, लागतो सवडीने, आणि महिनाअखेर घाट उतरून लेकीकडे जायचंय तेव्हा तर मी... एवढ्यात ही म्हणाली, "बस." दार उघडून उतरली, भाजीची पिशवी घेतली आणि घरापर्यंत चालत आली. मी गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून तिच्या शेजारून रांगत आलो, तर मागचे लोक हॉर्न वाजवायला लागले. हिने मान वळवून पाहिलं नाही.

माझं आख्खं आयुष्य छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलं. अनुस्वाराचा ठिपका हरवला तरी तो मला हाक मारायचा. पण बोललेल्या शब्दापुढचं विरामचिन्ह दिसत नाही हो. पूर्णविराम असेल तर 'पुरे झालं'. 'तू एकटाच बस गाडीत' असं असू शकतं, पण ती मला 'बस' म्हणणार नाही, 'बसा' म्हणेल. म्हणून ते बाद. उद्गारचिन्ह असेल तर प्रकरण गंभीर आहे.

संध्याकाळी सासूबाईंनी कोडं सोडवलं. त्या आमच्याकडेच असतात, ऐकू कमी येतं, पण नको ते बरोबर येतं. म्हणाल्या, "जावईबापू, लेकीकडे आम्ही दोघी बसने जाणार आहोत. तिने वेळासुद्धा बघून ठेवल्यात."

म्हणजे ती बस ही बस होती! नातीने रांगायला सुरुवात केलीय, लेक फोनवर विचारते, "बाबा, लाल गाडीतूनच येणार ना?" आणि मी तिच्या दारात एकटा उतरणार, बायको मागाहून बसने. जगाने काय म्हणायचं ते म्हणो, लेकीने एकदा 'बाबा, आई कुठेय?' विचारलं की संपलं. ही गाडी घेतली तेव्हा आम्ही दोघंच होतो. दोनच दारं, मागची सीट नावाला. तिथे एक पिशवी मावते, किंवा पाय दुमडले तर एक सासू. पण पुढच्या दोन सीटवर आम्ही दोघं, हे ठरलेलं आहे. ते मोडणार असेल तर मला ती गाडी नको.

ब्रेक बदलायचे. ठरलं.


गुरुवार, ५ मार्च

आमच्या गल्लीच्या टोकाला गॅरेज आहे. तिथल्या मिस्त्रीला सगळे 'होईल' म्हणतात, कारण काहीही विचारलं की तो तेच म्हणतो. इंजिन उघडं पडलेलं असो की पाऊस पडत असो, "होईल."

त्याने गाडी एक चक्कर फिरवून आणली. म्हणाला, "काका, ब्रेक जुने आहेत, पण लागतायत की."

"लागत असते तर मी ट्रकला टेकलो असतो का?"

तो माझ्या चष्म्याकडे बघायला लागला. मग म्हणाला, "चष्म्याचा नंबर कधी तपासलात?"

मी म्हटलं, "गाडी दाखवायला आणलीय, डोळे नाही." कमाल आहे! काम टाळायचं असलं की गिऱ्हाइकातच खोट काढायची.

शेवटी ठरलं. पुढच्या चाकांना मोठ्या डिस्क. सध्या बशीएवढ्या आहेत, त्या ताटाएवढ्या होतील. त्यांना चिमटीत पकडणारे कॅलिपर चार पिस्टनचे. रबराच्या नळ्या जाऊन त्या जागी स्टीलच्या जाळीच्या. सगळं ह्याच कंपनीच्या मोठ्या गाडीचं, भंगारवाल्याकडून मिळवायचं. मागच्या चाकांना जुन्या पद्धतीचे ड्रमब्रेक आहेत, ते तसेच राहतील. "मग ही म्हणेल त्या जागी गाडी थांबेल का?" मी विचारलं.

"होईल," तो म्हणाला.

परत येताना समोरच्या कुंपणापाशी डॉक्टरीणबाई उभ्या होत्या. मी वाकून नमस्कार केला, तब्येत विचारली. उत्तर नाही. जवळ गेलो तर वाळत घातलेला गाऊन. लोक हल्ली कपडे कुठेही वाळत घालतात.


रविवार, ८ मार्च

चाकाच्या आतली जागा मीच मोजली. मोठा कॅलिपर मावला पाहिजे ना! होईल म्हणाला मी मोजतो, मी म्हटलं, आकडे वाचायचं काम आयुष्यभर केलंय, तू पाना धर.

ही अजूनही माझ्याशी बोलत नाही. सासूबाईंमार्फत कारभार चालतो. "आई, त्यांना सांग जेवायला वाढलंय." मी समोरच बसलेलो असतो. सासूबाई माझ्याकडे वळून म्हणतात, "जेवायला वाढलंय," आणि पदरचं घालतात, "आणि भाजीला नावं ठेवायची नाहीत." हे हिने म्हटलेलं नसतं, माझी खात्री आहे.

वर्तमानपत्राची शाई पार पातळ केलीय लेकांनी. अग्रलेख धुक्यात छापल्यासारखा दिसतो. आमच्या वेळी असं पान बाहेर गेलं असतं तर मालकाने आम्हाला शाईत बुडवलं असतं.


मंगळवार, १० मार्च

गॅरेजात डोकावलो. भाग यायचेत, गाडी तिथल्याच अंगणात उभी आहे. आत बसून बघितलं तर माझी सीट पार पुढे ओढलेली, आरसा खाली वळवलेला. होईल माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे. एवढा लांबलचक माणूस गुडघे हनुवटीला लावून गाडी का चालवतो, देव जाणे. विचारलं तर म्हणाला, "सवय आहे काका." हसला का, ते कळलं नाही.

ही पोहायला जाते, तो वर्ग लावून आता बरेच दिवस झाले. या वयात हौस म्हणायची! येते तेव्हा केस कोरडे असतात. टोपी चांगल्या प्रतीची घेतलेली दिसते. आज मात्र तिच्या हाताला ग्रीसचा वास येत होता. तलावाचा पंप बिघडला असणार. अबोला नसता तर चौकशी केली असती.


शुक्रवार, १३ मार्च

घोटाळा. भाग आले, डिस्क बसली, कॅलिपर बसला, आणि चाक बसेना. कॅलिपर चाकाला आतून घासतोय. होईलने माझा मोजमापाचा कागद काढला, चाकावर टेप धरला, परत कागद बघितला.

"काका, हा तीन आहे. तुम्ही आठ लिहिलाय."

टेप बनवणाऱ्यांना लाज वाटायला हवी. इंग्रजी तीन आणि आठ यांत पोटाचा फरक असतो, तो छापताना नीट दाखवायचा असतो. मी असं मुद्रित कधीच पुढे जाऊ दिलं नसतं. आता त्याच मोठ्या गाडीची चाकंसुद्धा घ्यावी लागणार. होईल म्हणाला, "होईल." पण या वेळी त्याने ते फार सावकाश म्हटलं, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. ते मला आवडलं नाही.

खरं सांगायचं तर घरी येताना जरा भीती वाटली. तीनचा आठ मी कधी केला नव्हता.


मंगळवार, १७ मार्च

घरात आनंदीआनंद. ही गाणं गुणगुणतेय, सासूबाईंनी स्वतः उठून गोड केलं. मी विचारलं, काय झालं?

"परीक्षा पास झाली ती," सासूबाई म्हणाल्या.

"पोहण्याची परीक्षा असते?"

"असते तर! सरळ जायचं, वळायचं, उलटं जायचं, कडेला येऊन थांबायचं. सगळं एका दमात केलं तिने."

उलटं पोहणं अवघड असतं, मला माहीत आहे. मी सासूबाईंमार्फत अभिनंदन कळवलं. हिने त्यांच्यामार्फतच आभार कळवले. तेवढ्यात मला तिच्या ओठांवर हसू दिसलं. अबोल्याची दरी कमी होतेय, असं मी समजतो.


शनिवार, २१ मार्च

मोठी चाकं बसली. गाडी आता रुबाबात उभी राहते. फक्त हवा काढायची राहिलीय. चाकांतली नाही, ब्रेकच्या तेलातली. नळ्या बदलल्या की आत हवा शिरते. तेल दबत नाही, हवा दबते. म्हणून पाय दिला की पेडल उशीसारखं आत जातं आणि गाडी आपली चालतच राहते. होईलला म्हटलं, काढ. तर त्याची कंबर धरली! अंथरुणावरून फोनवर म्हणाला, "सोमवारी होईल."

पुढच्या रविवारी निघायचंय, आणि ह्याचा सोमवार कधी उगवेल कोण जाणे! हँडब्रेकवर गाडी रांगत घरी आणली. धुतली, आतून पुसली. हिच्या बाजूच्या मॅटला भोक पडलंय, खालचा पत्रा दिसतो. गाडीत उंदीर शिरलेला दिसतो. पिंजरा लावला पाहिजे.


रविवार, २२ मार्च

आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो.

हवा काढायला दोन माणसं लागतात. एकाने आत बसून पेडल दाबायचं आणि धरून ठेवायचं. दुसऱ्याने चाकापाशी बसून बारका नट सैल करायचा, म्हणजे हवा तेलासकट बाहेर फसफसते. नट आवळायचा. मगच पहिल्याने पाय सोडायचा. नट उघडा असताना पाय सोडला की बाहेरची हवा परत आत, सगळी मेहनत पाण्यात. शब्द तीनच : दाब, धर, सोड.

दुसरं माणूस कुठून आणायचं? सासूबाईंचे गुडघे धड नाहीत. शेवटी त्याच हिच्याकडे रदबदली करून आल्या. "येते म्हणाली. पण बोलणार नाही म्हणाली."

तेव्हा अशी व्यवस्था झाली : ही आत पेडलवर, मी चाकाशी जमिनीवर, आणि मधे खुर्ची टाकून सासूबाई, दोघांचा निरोप्या.

"सासूबाई, सांगा, दाब."

"अगं, दाब म्हणतात."

"धर."

"धर म्हणतात."

मी नट उघडला, तेल आलं, बुडबुडे आले, वा! नट आवळतोय तोवर मी पुटपुटलो, "आता सोड म्हणायचं." ते सासूबाईंना नको तेव्हा बरोबर ऐकू आलं. "अगं, सोड म्हणतात!" हिने सोडलं. नट उघडा. सुर्रकन हवा आत.

पुन्हा पहिल्यापासून. या वेळी सासूबाईंना काहीच ऐकू आलं नाही. मी तिसऱ्यांदा "सोड" म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "काय सोड? तुला सोड म्हणतायत गं हे."

आतून उत्तर आलं, "सांग त्यांना, सोडायचं असतं तर केव्हाच सोडलं असतं."

"केव्हाच सोडलं असतं, म्हणतेय," सासूबाईंनी मला कळवलं.

अर्धा डबा तेल गेलं, माझं डोकं तापलं, आणि हवा काही संपेना. मी म्हणत होतो, कुठेतरी गळती आहे, नळीला बारीक चीर आहे, नाहीतर एवढी हवा येतेय कुठून? शेवटचं चाक. नट उघडला, काळपट तेल धार लावून आलं, एकही बुडबुडा नाही. आणि सासूबाईंनी तोंड उघडलं. त्या 'सो' म्हणताहेत एवढंच ऐकलं आणि मी जिवाच्या आकांताने ओरडलो, "धर! अगं धर! सोडू नकोस!"

मग आतून हिचा आवाज आला, माझ्याशी, थेट.

"धरलंय. सोडत नाही."

नट आवळला. मी जमिनीवरच बसून राहिलो. डोळ्यांत पाणी आलं, तेलाचा वास उग्र असतो. सासूबाई खुर्चीवरून उठल्या आणि म्हणाल्या, "मग मला कशाला बसवलंत इतका वेळ?" आणि आत निघून गेल्या.

त्यानंतर चारही चाकांची हवा पुन्हा काढली, निरोप्या नसताना. पटापट झालं. "दाब." "दाबलं." "धर." "धरलं." "सोड." "सोडलं." पेडल दगडासारखं घट्ट झालं. हिचा पाय काय सवयीचा पडत होता! कधी गाडी न चालवलेल्या बाईला एवढं कसं जमतं कोण जाणे. अबोला सुटला, तरी बसचा विषय मी काढला नाही. तिनेही काढला नाही.


बुधवार, २५ मार्च

गाडी घेऊन एकटाच निघालो, नवे ब्रेक बघायला. होईलने सकाळी काठी टेकत येऊन सगळं तपासून दिलं होतं.

ब्रेक म्हणजे काय ब्रेक! मोकळ्या रस्त्यावर पुढे एक कुत्रं आडवं आलं, मी पाय दिला आणि गाडी जागच्या जागी उभी. कुत्रं हलेना. उतरून बघतो तर कागदाची पिशवी. असो, पिशवीपुढे थांबली म्हणजे कुत्र्यापुढेही थांबेल. खुशीत शीळ घालत परत फिरलो. घरी जाऊन हिला म्हणणार होतो, चल, बस गाडीत.

आमच्या गल्लीत वळलो, घराचं फाटक उघडं होतं, गाडी आत घ्यायला लागलो.

"दाबा!"

हिचाच आवाज. मी काही बघितलं नाही, विचार केला नाही. रविवारचा शब्द कानात होता, पाय आपोआप गेला. गाडी थांबली.

फाटक उघडं नव्हतं. बंद होतं, आणि त्याच्या आत कडीवर हात ठेवून ही उभी होती. पिवळ्याधमक कपड्यांत. गाडीच्या नाकात आणि फाटकात हात घालता आला असता, एवढीच जागा.

ती आली, काचेशी वाकली. ओरडेल असं वाटलं होतं. नाही ओरडली.

"मी दिसले नाही ना तुम्हाला?"

"ऊन होतं डोळ्यांवर."

"ऊन तुमच्या पाठीमागे आहे."

मी म्हटलं, "ब्रेक लागला पण."

"लागला," ती म्हणाली. "मी ओरडल्यावर."

ब्रेकची काही चूक नाही. ब्रेक आधीचेही बरे होते, आता तर उत्तम आहेत. दाबायचं कधी, हे मला कळत नव्हतं. दाबायला आधी दिसायला लागतं. माझ्या हातून ही गेली असती. मला फार भीती वाटली, आणि आताही वाटतेय.

किल्ली खुंटीला लावली. तिला म्हटलं, "तिसरं तिकीट काढ. मीही बसने येतो."

ती काहीच बोलली नाही. अबोला नव्हता तो.


शुक्रवार, २७ मार्च

डोळ्यांच्या डॉक्टरकडे ही घेऊन गेली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगला पिकलेला. डॉक्टर म्हणाला, इतके दिवस काय करत होतात? मी म्हटलं, ब्रेक बदलत होतो.

लेकीकडून आलो की शस्त्रक्रिया. तोवर गाडी चालवायची नाही. वर्तमानपत्राच्या शाईबद्दल मी संपादकांना जे पत्र लिहून ठेवलं होतं, ते फाडून टाकलं.

घरी आल्यावर खुर्चीत बसून राहिलो. लाल गाडीतून मी लेकीकडे कधीच जाणार नाही, असं सारखं मनात येत होतं. हिने चहा आणून दिला आणि म्हणाली, "सगळी हवा गेली वाटतं?" मी म्हटलं, गेली. "बरं झालं," म्हणाली, "आता नीट लागेल." काय लागेल ते सांगितलं नाही.


रविवार, २९ मार्च

लेकीच्या घरून लिहितोय. नात मांडीवर आहे आणि पेन ओढतेय.

सकाळी तयार होऊन बाहेर आलो, बस गाठायची म्हणून. दोघी घरात दिसेनात. किल्लीकडे नजर गेली, खुंटी रिकामी. तेवढ्यात अंगणात हॉर्न वाजला.

ही स्टिअरिंगवर बसली होती! माझी सीट पुढे ओढून, आरसा खाली वळवून. मागे सासूबाई पाय दुमडून, मांडीवर पिशवी घेऊन. मी तोंड उघडं टाकून उभा.

"हिला गाडी कधीपासून येते?"

"पोहायला शिकली ना!" सासूबाई म्हणाल्या. "परीक्षासुद्धा पास झाली. होईलच्या अंगणात दिवस दिवस पोहत होती. तुमच्याच गाडीत."

मग मला सीट आठवली, आरसा आठवला, ग्रीसचा वास, कोरडे केस. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका शोधणारा मी, आणि एवढं ढळढळीत मुद्रित माझ्या नाकासमोरून गेलं. रागवायचं ठरवलं होतं. पण हिने वाकून माझ्या बाजूचं दार उघडलं आणि म्हणाली, "बसा."

पूर्णविराम स्वच्छ ऐकू आला. मी बसलो.

गाडी ती छान चालवते. माझ्यापेक्षा सावकाश, पण होईलच्या भाषेत सांगायचं तर, होईल. आम्ही दोघं पुढच्या दोन सीटवर होतो, ठरल्याप्रमाणे. बाजू तेवढ्या बदलल्या. घाट सुरू झाला. पहिलं वळण आलं, पुढे एक बस, ती हळू झाली. मला ती धुक्यातल्यासारखी दिसत होती, आणि ही अजून ब्रेक मारेना! मी उजवा पाय होता नव्हता तेवढा जोर लावून खाली रोवला.

पाय थेट मॅटच्या त्या भोकात गेला. अगदी मापात बसला, चवड्याला खालचा पत्रा गार लागला.

गाडी अलगद थांबली. हिने माझ्या पायाकडे पाहिलं.

"अहो, ब्रेक तुमच्या पायाखाली नाही, माझ्या आहे."

म्हणजे उंदीर नव्हता तर.